हा प्रश्न आयसीयूच्या दारात नको, रुग्णाला वेळेवर विचारा

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील डॉक्टर, अतिदक्षता विभागांचे प्रमुख आणि रुग्णालयांची व्यवस्थापने

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका, आणि मा. जिल्हा शल्यचिकित्सक, नाशिक

विषय: गंभीर आजारी वृद्ध रुग्णांच्या अखेरच्या काळातील उपचारांचे नियोजन रुग्णाशी बोलून, वेळेवर आणि लेखी करण्याबाबत

सन्माननीय डॉक्टरहो,

मी ३१ वर्षे शासकीय रुग्णालयांत परिचारिका म्हणून नोकरी केली आणि निवृत्त होऊन आता ८ वर्षे झाली. त्यातली बरीचशी वर्षे मेडिकल वॉर्डात आणि अतिदक्षता विभागात गेली, त्यामुळे मृत्यू मी पुष्कळ पाहिले. तरीही हे पत्र लिहायला मी बसले ती माझे थोरले बंधू गेल्यानंतर. त्यांच्या जाण्याबद्दल माझी तक्रार नाही. ते ७८ वर्षांचे होते, हृदय थकले होते आणि मूत्रपिंडेही साथ सोडू लागली होती. तक्रार आहे ती त्याआधीच्या १८ महिन्यांबद्दल. या काळात ते चार वेळा रुग्णालयात दाखल झाले आणि चार वेळा घरी आले. दरवेळी इको झाला, गोळ्या बदलल्या, मिठाचे आणि पाण्याचे प्रमाण लिहून मिळाले. पण पुढच्या वेळी असाच त्रास झाला तर तुमच्या बाबतीत काय करावे असे तुम्हाला वाटते, हे त्यांना स्वतःला एकदाही कोणी विचारले नाही.

दादांनी आपल्या परीने सांगून ठेवले होते. तिसऱ्या वेळी घरी आल्यावर ते संध्याकाळी ओट्यावर पाय सोडून बसले होते, कारण आडवे झाले की दम लागायचा. मला म्हणाले, "पुढच्या वेळी मला तिकडे नेऊ नकोस. न्यावंच लागलं, तर नळ्या घालू देऊ नकोस." वहिनी आतून आल्या आणि दिवेलागणीला असले अभद्र बोलू नये म्हणून त्यांनी विषय मोडला. मीही तो मोडू दिला. मी परिचारिका होते, त्यांच्या हृदयाची अवस्था मला कागदावर वाचता येत होती, आणि तरीही त्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून "दादा, नीट सांगा, आपण लिहून ठेवू" असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही.

श्रावणातल्या एका रात्री सव्वादोन वाजता ते श्वासासाठी तडफडत होते आणि आम्ही आयसीयूच्या दारात उभे होतो. ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर माझ्या भाच्याला म्हणाले, "ट्यूब टाकावी लागेल, सही करा, उशीर केला तर हातात काही राहणार नाही." भाच्याने सही केली. अशा शेकडो सह्या मी इतरांच्या घरच्यांकडून घेतल्या होत्या. त्या कागदाचा अर्थ तिथल्या कोणत्याही नातेवाइकापेक्षा मला अधिक ठाऊक होता, ओट्यावरचे शब्दही आठवत होते, आणि मी गप्प राहिले. त्या क्षणी "नको" म्हणणे म्हणजे आपल्या हाताने भावाचा जीव घेणे, असेच मला वाटले. पुढचे १६ दिवस दादा व्हेंटिलेटरवर होते. घशात नळी असल्यामुळे बोलता येत नव्हते, ती ओढू नये म्हणून मनगटे बँडेजने खाटेला बांधलेली होती. बाराव्या दिवशी डायलिसिस सुरू झाले. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटे, एकेकाला आत सोडत. सोळाव्या दिवशी पहाटे ते गेले तेव्हा आम्ही सगळे बाहेरच्या बाकांवर होतो. वहिनींनी रामकुंडावरून आणलेले गोदावरीचे पाणी आणि तुळशीची पाने एका छोट्या बाटलीत घालून रोज बरोबर ठेवली होती. ती बाटली त्यांच्या पिशवीतच राहिली.

त्या रात्रीच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. समोर गुदमरणारा अनोळखी माणूस, केसपेपरवर त्याच्या इच्छेविषयी एक अक्षर नाही, बाहेर घाबरलेले नातेवाईक. अशा वेळी कोणताही प्रामाणिक डॉक्टर नळीच घालील आणि त्याने तेच करावे. रात्री सव्वादोनला योग्य निर्णय होणे शक्यच नव्हते, कारण ज्याला तो घ्यायचा होता त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तो निर्णय होऊ शकला असता ओपीडीत, सकाळी अकरा वाजता, दादा खुर्चीवर बसून स्पष्ट बोलू शकत होते तेव्हा, आणि अशी सकाळ त्या १८ महिन्यांत निदान दहा वेळा आली होती. आपणा सर्वांकडे माझे मागणे एवढेच आहे की हा प्रश्न आयसीयूच्या दारातून उचलून ओपीडीत आणावा आणि नातेवाइकांच्या आधी रुग्णाला विचारावा.

कोणाला विचारायचे, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. वर्षभरात तीन-चार वेळा दाखल होणारा हृदयविकाराचा रुग्ण, घरी ऑक्सिजनवर असलेला फुफ्फुसाचा जुना रुग्ण, डायलिसिसवर असलेले आणि दिवसेंदिवस खंगत चाललेले आजोबा, पसरलेला कर्करोग, पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेली माणसे, ही सगळी आपल्या रोजच्या ओळखीची आहेत. हा रुग्ण येत्या वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का, असे डॉक्टरांनी स्वतःला विचारून पाहण्याची एक साधी पद्धत जगभर वापरली जाते. उत्तर "नाही" असे आले, तर बोलण्याची वेळ झाली असे समजावे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाशी तर याहूनही लवकर बोलायला हवे, कारण तिथे रुग्ण जिवंत असताना त्याचे मत हरवते.

कसे विचारायचे, याबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण चांगले विचारलेले मी एकदाच अगदी जवळून पाहिले आहे. माझ्या मावसबहिणीचे यजमान निफाड तालुक्यात द्राक्षबाग करायचे. फुफ्फुसांच्या जुन्या विकारामुळे शेवटची दोन वर्षे त्यांना घरी ऑक्सिजन लागायचा. त्यांच्या डॉक्टरांनी एका दुपारी त्यांना मुद्दाम शेवटचा नंबर दिला, दार लावून घेतले आणि आधी हे विचारले की तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय काय ठाऊक आहे. मग विचारले की सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. आम्हाला वाटले, मरणाची म्हणतील. ते म्हणाले, "रात्री लाइट जाते तेव्हा मशीन बंद पडतं, त्याची." घरातल्या कोणाला हे कळले नव्हते. गावात वीज जाणे नेहमीचे, ऑक्सिजनचे यंत्र विजेवर चालणारे, आणि हा माणूस रोज रात्री पंख्याच्या आवाजाकडे कान देऊन जागा राहायचा. डॉक्टरांनी भरलेला सिलिंडर उशाशी ठेवायला लावला, तो कसा जोडायचा हे सुनेला शिकवले, आणि दम लागण्याच्या त्रासासाठी मॉर्फिनचा अगदी लहान डोस सुरू केला. त्यानंतर त्यांना झोप लागू लागली.

मग पुढचे प्रश्न आले. काय झाले तर जगणे तुम्हाला नकोसे होईल? थोडे जास्त दिवस मिळावेत म्हणून किती सोसायची तयारी आहे? तुम्हाला बोलता आले नाही तर तुमच्या वतीने कोणी बोलायचे? त्यांनी थोरल्या मुलाऐवजी सुनेचे नाव सांगितले, आणि मुलाने ते मानले. ऑक्टोबर छाटणी आपल्या डोळ्यांदेखत व्हावी आणि त्यानंतर मळ्यातल्या घरातून आपल्याला हलवू नये, असे ते म्हणाले. डॉक्टरांनी हे सगळे केसपेपरवर लिहिले, वाचून दाखवले आणि सही घेतली. पूर्ण संभाषणाला ४० मिनिटे लागली असतील. ते अकरा आठवड्यांनी गेले, मळ्यातच, खाटेवर, घरची माणसे भोवती असताना. शेवटचे दोन दिवस अवघड होते, हे मी लपवणार नाही, परंतु घरातल्या कोणालाही काय करायचे याचा संभ्रम नव्हता.

या संभाषणात एक वाक्य कृपा करून वापरू नये: "आता काही करता येणार नाही." हे वाक्य मी वॉर्डात हजारो वेळा ऐकले आणि ते कधीही खरे नव्हते. वेदना कमी करता येतात. दम लागणे कमी करता येते. मळमळ, बद्धकोष्ठता, शेवटच्या दिवसांतली घशातली घरघर, रात्रीचे भांबावलेपण, कोरडे तोंड, पाठीच्या जखमा, या प्रत्येकासाठी करण्यासारखे काहीतरी असते. उपशामक उपचार म्हणतात ते हेच, आणि ते इतर उपचार संपल्यावर देण्याची वस्तू नसून त्यांच्या बरोबरीने सुरू करण्याची गोष्ट आहे. "काही करता येणार नाही" असे ऐकलेली माणसे एकतर घाबरून दुसऱ्या रुग्णालयात पळतात, नाहीतर रुग्णाला घरी नेऊन वाऱ्यावर सोडतात. सीपीआरबद्दलही, म्हणजे थांबलेले हृदय छाती दाबून पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नाबद्दलही, स्पष्ट बोलावे. अनेक आजारांनी पोखरलेल्या ८० वर्षांच्या देहाचे हृदय थांबल्यावर छाती दाबली की बरगड्या मोडतात आणि माणूस चालत घरी परतण्याची शक्यता अत्यल्प असते. नातेवाइकांनी हे दृश्य पडद्यावरच पाहिलेले असते, तिथे माणूस उठून बसतो.

अन्नपाण्याचा प्रश्न आपल्याकडे फार नाजूक आहे. "उपाशी ठेवून मारलं" हा बोल लावून घ्यायला कोणीच तयार नसते, म्हणून शुद्ध हरपलेल्या माणसालाही नाकातून नळी घालून भरवले जाते. शेवटच्या दिवसांत शरीरच अन्न मागत नाही, आणि ओल्या कापसाने ओठ भिजवणे, चमच्याने घोटभर पाणी देणे ही त्या वेळची खरी सेवा असते, हे डॉक्टरांनी सांगितले तरच घरच्यांना पटते. सांगायला सिस्टर तयार असतात, पण त्यांच्या शब्दाला डॉक्टरांच्या शब्दाचे वजन नसते.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्याबद्दल आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे आणि कोणी लिहीत नाही. आयसीयूतले दहा-बारा दिवस झाले, पैसे संपले, सुधारणा नाही, की घरचे म्हणतात, "आम्ही घरी नेतो." मग केसपेपरवर लिहिले जाते की वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहेत. व्हेंटिलेटर सुटतो, नळीला अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, लावली जाते, आणि रुग्णवाहिकेत एखादा मुलगा किंवा वॉर्डबॉय ती दाबत राहतो. सुरगाणा, पेठ, कळवण अशा तालुक्यांत जायचे म्हटले तर हा प्रवास दोन-अडीच तासांचा असतो. माझ्या नोकरीत अशी एक रुग्णवाहिका निघताना बॅग दाबणाऱ्या १९-२० वर्षांच्या नातवाने मला विचारले होते, "सिस्टर, घरी गेल्यावर ही कधी थांबवायची?" त्याला डॉक्टरांनी काही सांगितले नव्हते. त्याच्या आजोबांजवळ वेदनेची एक गोळी नव्हती. निर्णय तोच होता, म्हणजे यंत्र काढण्याचा; फक्त तो रुग्णालयाने न घेता एका पोराच्या हातावर टाकला होता. तो मुलगा आता चाळिशीला आला असेल. त्या रात्री त्याने बॅग कधी थांबवली, हे त्याने आजवर कोणाला सांगितले असेल असे मला वाटत नाही.

हे असे घडते त्याचे एक कारण म्हणजे डॉक्टरांना वाटणारी कायद्याची धास्ती, म्हणून कायद्याबद्दल जे ठाऊक आहे ते लिहिते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी निकाल दिला की सन्मानाने मरण येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि सज्ञान, शुद्धीत असलेली कोणतीही व्यक्ती आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे लिव्हिंग विल, करू शकते. त्या वेळी घालून दिलेली पद्धत इतकी किचकट होती की ती जवळजवळ कागदावरच राहिली. निर्देशावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. निर्देशात आपल्या वतीने संमती देणाऱ्या पालकाचे अथवा जवळच्या नातलगांचे नाव लिहायचे असते आणि तो केव्हाही लेखी बदलता किंवा रद्द करता येतो. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि बरे होण्याची आशा नसेल, तेव्हाच तो लागू होतो. त्या वेळी रुग्णालय प्राथमिक मंडळ नेमते, ज्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. मग दुसरे मंडळ तोच प्रश्न पुन्हा तपासते आणि त्यातला एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नामनिर्देशित केलेला असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे आहे. अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचे असते. आणि ज्यांनी असा निर्देश केलेलाच नाही, त्यांच्यासाठीही घरच्यांच्या संमतीने हाच मार्ग खुला ठेवलेला आहे. म्हणजे रुग्णवाहिकेतल्या त्या नातवासारख्यांसाठी आज कायदेशीर, डॉक्टरांच्या सहीचा मार्ग उपलब्ध आहे. हृदय थांबल्यास पुनरुज्जीवनाचा प्रयत्न न करण्याबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या आहेत.

यंत्र काढणे म्हणजे माणसाला टाकून देणे, ही समजूत मात्र कायद्याने जाणार नाही. याबाबत आम्हा परिचारिकांच्या मनात अरुणा शानभाग यांचे नाव कायम असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील ही परिचारिका १९७३ मध्ये झालेल्या अत्याचारानंतर अंथरुणाला खिळली आणि १८ मे २०१५ रोजी गेली. जवळजवळ ४२ वर्षे तिच्या सहकारी परिचारिकांनी तिला सांभाळले. तिला भरवणे थांबवून मरू द्यावे म्हणून दाखल झालेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली तेव्हा, तिला जाऊ देऊ नये असेच त्या सगळ्यांचे म्हणणे होते, आणि त्या वेळी मीही त्यांच्याच बाजूने होते. आजही त्या सेवेपुढे माझी मान झुकते. पण तिला काय हवे होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि कळण्याचा मार्गही उरला नव्हता. दादांचे तसे नव्हते. ते १८ महिने शुद्धीत, शहाणे आणि बोलते होते.

आपल्यापैकी काहींच्या मनात येणाऱ्या दोन शंका मला रास्त वाटतात. पहिली, मुले मालमत्तेसाठी किंवा खर्चाला कंटाळून म्हाताऱ्यांवर दबाव आणतील. हे घडू शकते. घडताना मी पाहिले आहे. म्हणूनच रुग्णाशी निदान एकदा तरी एकट्याने, मुला-सुनांना बाहेर बसवून बोलावे आणि तसे बोलल्याची नोंद करावी. ज्याला सगळे उपचार हवे आहेत, व्हेंटिलेटरसुद्धा हवा आहे, त्याचीही इच्छा तितक्याच ठळकपणे लिहिली गेली पाहिजे. नियोजन म्हणजे नकार नव्हे. गरीब रुग्णाच्या बाबतीत तर हे आणखी जपले पाहिजे, कारण "मला घरी न्या" हे कधी कधी मुलावर कर्ज नको म्हणून उच्चारलेले वाक्य असते, आणि त्याच्यासाठी कोणती शासकीय योजना लागू आहे हे त्याला आधी सांगितल्याशिवाय ते त्याचे खरे मत मानू नये. दुसरी शंका आपल्या सुरक्षिततेची. नातेवाइकांनी डॉक्टरांना मारहाण करण्याचे प्रकार होतात आणि राज्याला त्यासाठी २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. मला अनुभवाने इतकेच सांगता येईल की ज्या घराशी महिनोन्‌महिने खरे बोलले गेले होते, त्या घरातल्या माणसांनी वॉर्डात आवाज चढवलेला मला आठवत नाही. राग येतो तो अचानक कळल्यामुळे.

कुठल्याही निर्णयाला मधला मार्ग असतो, हेही घरच्यांना फार कमी वेळा सांगितले जाते. यंत्र लावायचे की नाही, असा एका शब्दात उत्तर मागणारा प्रश्न न टाकता, तीन किंवा पाच दिवसांची मुदत ठरवून उपचार सुरू करता येतात. सुधारणेच्या कोणत्या खुणा पाहायच्या ते आधी ठरवायचे आणि मुदत संपली की पुन्हा एकत्र बसायचे. दादांच्या बाबतीत असे बसणे चौथ्या दिवशी झाले असते, तर उरलेल्या बारा दिवसांबद्दल मला आज हे पत्र लिहावे लागले नसते.

मॉर्फिनचाही उल्लेख केला पाहिजे. अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिनसारखी अत्यावश्यक औषधे ठेवण्यासाठी वेगवेगळ्या परवान्यांची गरज राहिली नाही. राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून एकच मान्यता घ्यावी लागते. प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने ती घ्यावी आणि घरी जाणाऱ्या रुग्णाला गोळ्या, त्यांचा हिशेब आणि रात्री फोन उचलणारा एक नंबर देऊन पाठवावे. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या कामातून गावोगावी स्वयंसेवकांचे आणि परिचारिकांचे जाळे उभे राहिले. आपल्याकडेही आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये वृद्धांची काळजी आणि उपशामक उपचार कागदोपत्री समाविष्ट आहेतच. घरोघरी जाणाऱ्या आशाताई आणि आमच्यासारख्या निवृत्त परिचारिका या जिल्ह्यात कमी नाहीत. आम्हाला कोणी हाक मारायला हवी.

व्यवस्थापनांकडून मला हवे आहे ते असे. अशा संभाषणासाठी डॉक्टरांना वेळ द्यावा आणि त्याचे शुल्क लावायचे असेल तर उघडपणे लावावे. ४० मिनिटांचे शुल्क १६ दिवसांच्या बिलापुढे काहीच नाही. रुग्णाची इच्छा केसपेपरच्या पहिल्या पानावर आणि डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली असावी, म्हणजे रात्री सव्वादोनला ती शोधावी लागणार नाही. प्राथमिक मंडळावर कोण बसणार हे आजच ठरवून ठेवावे. आणि अखेरच्या तासांत पडदा ओढून घरच्यांना आत बसू द्यावे. कोणाला गोदावरीचे पाणी आणि तुळशीपत्र द्यायचे असेल, कोणाला कानाशी कलमा म्हणायचा असेल, शरणपूरच्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाला आपल्या फादरना बोलवायचे असेल; त्याने आयसीयूचे काम अडणार नाही.

मा. जिल्हा शल्यचिकित्सकांना विनंती आहे की दुसऱ्या मंडळासाठी नामनिर्देशित करायच्या डॉक्टरांची यादी तयार ठेवून ती सर्व रुग्णालयांना कळवावी, म्हणजे ४८ तासांतले पहिले २४ फोन करण्यात जाणार नाहीत. मा. आयुक्तांना विनंती आहे की आगाऊ निर्देशाची प्रत जतन करण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेने जो अभिरक्षक अधिकारी नेमायचा असतो, त्याचे पद, दालन आणि वेळ महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, आणि प्रत्येक विभागीय कार्यालयात ठळक मराठीत लावावी, आणि दोन पानांचा सोपा मराठी नमुना बिटको व झाकीर हुसेन रुग्णालयांत मोफत ठेवावा. नमुन्याला "मृत्युपत्र" म्हणू नये. तो शब्द ऐकला की लोकांना घर आणि शेत आठवते. "उपचारांविषयीचे इच्छापत्र" म्हटले तर पुष्कळ गैरसमज टळतील. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. शिकाऊ डॉक्टरांना सुई टोचायला शिकवतात तसे हे बोलणेही सरावाने शिकवता येते, आणि त्या सरावासाठी रुग्णाची भूमिका करायला मी केव्हाही येईन.

मी माझे इच्छापत्र गेल्या महिन्यात केले. सीबीएसजवळ न्यायालयापाशी बसणाऱ्या नोटरींनी आधी विचारले की फ्लॅट कोणाच्या नावे करायचा आहे. मी कागद पुढे केला, त्यांनी तो दोनदा वाचला, आणि मग त्यांच्या आईसाठी एक कोरा नमुना मागून घेतला. साक्षीदार म्हणून शेजारचे दोघे आले होते. माझ्या वतीने बोलायला मी भाच्याचे नाव घातले आहे. त्याला ते सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने पहिल्यांदाच त्या रात्रीच्या सहीबद्दल माझ्याशी बोलायला सुरुवात केली. आम्ही दोघे रात्री एकपर्यंत बोलत होतो.

मला मधुमेह आहे, दोन स्टेंट आहेत आणि पुढची तपासणी येत्या गुरुवारी आहे. इच्छापत्राची प्रत मी फाइलच्या पहिल्या पानावर लावली आहे. माझे डॉक्टर फाइल उघडतील तेव्हा त्यांनी ते पान उलटून पुढे जाऊ नये, खुर्ची थोडी जवळ ओढावी आणि मला विचारावे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
नाशिक रोड